सोळा चौकोनांची चादर

३ मार्च, मंगळवार

शिट्टीनं आज मला टॅबलेट दिला! दिला म्हणजे – तो कचऱ्याच्या डब्याकडे निघाला होता, वाटेत मी दिसलो, आणि डबा लांब होता. "घे, खेळ," म्हणाला. शिट्टी म्हणजे आमच्या हॉलचा सुपरवायझर. बोलतो कमी, गळ्यातली शिट्टी फुंकतो जास्त. आठ महिन्यांत त्यानं मला दिलेली ही पहिली वस्तू. शिव्या धरल्या नाहीत.

एक कोपरा फुटलाय. यावर पूर्वी कपड्यांची नोंद व्हायची – कुठल्या हॉस्पिटलच्या किती चादरी आल्या, किती गेल्या. आता नवा आला. त्याच्याही आधी नोंद कागदावर व्हायची, त्यातली उरलेली कोरी वही माझ्याकडे आहे, तीच ही. रकाने छापलेत – किलो, तापमान, शेरा. मी सगळं शेऱ्यातच लिहितो. माझ्या आयुष्याला किलो नाही, तापमान मात्र भरपूर. लाँड्रीत राबतो ना.

टॅबलेटमध्ये सगळं पुसलंय, एक ॲप तेवढं राहिलंय. उघडलं की काळ्या पडद्यावर चौकोनच चौकोन. आडवे सोळा, उभे आठ. बोट लावलं की चौकोन पेटतो. डावीकडून एक उजेडाची रेघ निघते, चालत चालत उजवीकडे जाते, आणि पेटलेल्या चौकोनाला लागली की – टक! टोकाला गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, ही तर माझीच नोकरी.

४ मार्च

बोटं दुखताहेत. कारण विचारू नका. विचारणारं आहेच कोण म्हणा.

६ मार्च, शुक्रवार

आज मी संगीतकार झालो. वायरमनला मान्य नाही.

वायरमन माझ्या खोलीत राहतो, खालच्या बंकवर. आमच्याच लाँड्रीत वायरिंग बघतो, त्यामुळे जगातल्या सगळ्या विजेवर आपला हक्क आहे असं समजतो. त्याला ऐकवलं. त्यानं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मला वाटलं, लागलं बहुतेक काळजाला.

"पोट बिघडलेला फ्रीज," म्हणाला. "गॅस संपलाय. भरून घे."

मी म्हटलं, ह्याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात.

"मी इलेक्ट्रिशियन आहे रे. मला शिकवतोस?"

एक गोष्ट मात्र सापडली. ॲपमध्ये तयार आवाज आहेत – ढोल, टाळी, घंटा – पण आपला आवाजही भरता येतो. माइकचं चित्र दाबायचं, आवाज करायचा, सोडायचं. मग तो आवाज एका ओळीचा मालक. मी पहिल्या ओळीत वायरमनचं घोरणं भरलं. आठव्या चौकोनावर ठेवलंय. फार सुरेल आहे. त्याला सांगितलेलं नाही.

८ मार्च, रविवार

सुट्टी. घरी फोन केला, आईला ऐकवलं. आई म्हणाली, "मागं कुणी काही दुरुस्त करतंय का रे? काम झालं की बोल, मी थांबते."

दादानं फोन घेतला. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, म्हणजे नऊ वर्षं जास्त शहाणा, हे तो दर फोनला सांगतो. म्हणाला, "म्हणजे दिवसभर मशीनपाशी उभा राहतोस, आणि सुट्टीच्या दिवशी मशीनचं गाणं करतोस? मग सुट्टी कशाला घेतोस? जा कामावर."

फोन ठेवल्यावर सुचलं. अरे, खरंच की! मशीनचंच करू!

९ मार्च

ड्रायरचं दार – धप्प. वाफेचा पाइप – सुस्स. तीन नंबरच्या ट्रॉलीचं चाक – कुंई. रोलरचा पट्टा – तटतट. चार ओळी भरल्या. शिट्टीला वाटलं, मी मशीनची पाहणी करतोय. "शाब्बास," म्हणाला. मी धन्य झालो.

१२ मार्च, गुरुवार

आज जेवणाच्या सुट्टीत आक्काला ऐकवलं.

आक्काबद्दल इथं कधी लिहिलंच नाही. रोज जिच्या समोर उभं राहतो तिच्याबद्दल काय लिहायचं? आम्ही घडीच्या हॉलमध्ये आहोत. चौदा टेबलं, टेबलाला दोन माणसं. चादर रोलरमधून गरम येते. एकानं एका बाजूची दोन टोकं धरायची, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूची. ओढ, झटक, टोकाला टोक, चालत पुढं ये, दे, घे, दाब, ठेव. आमचं टेबल सहावं. डावीकडे आक्का, उजवीकडे मी. ती इथं एकोणीस वर्षं आहे. मी आलो तेव्हा चादरीत स्वतःलाच गुंडाळून घेत होतो. तिनंच सगळं शिकवलं. माझ्या आईहून चार वर्षांनी मोठी आहे, तोंडानं चाळीस वर्षांनी.

ऐकलं तिनं. एक कान टॅबलेटला लावून, चहा पीत.

"हे धप्प म्हणजे ड्रायर."

"हो!"

"आणि हे कुंई म्हणजे त्या मेल्या ट्रॉलीचं चाक. तेल घाल म्हणून दोन वर्षं सांगतेय. तू त्याचं गाणं केलंस?"

"कसं आहे?"

"चाकापेक्षा बरंय."

आजवरचं सर्वांत मोठं कौतुक! वहीत लिहून ठेवतोय.

१३ मार्च

आक्काला एक दिसलं ते मला दिसलं नव्हतं. माझे सोळा ठोके बरोबर एका चादरीएवढे आहेत. पहिल्या टकला टोकं धरायची, चौथ्याला झटक, आठव्याला अर्धी घडी, सोळाव्याला चादर थप्पीवर. मी मुद्दाम केलं नव्हतं. हातच तसे झालेत. दिवसाला हजारबाराशे चादरी हातांतून गेल्यावर माणूस गाणं करायला बसला तरी घडीच घालणार.

१६ मार्च, सोमवार

आज मी हॉलचा मालक होतो. खरंच!

शिट्टीनं सुट्टीत गाणं ऐकलं. दोन टेबलांवरची माणसं त्याच्यावर गंमत म्हणून घड्या घालत होती – धप्पला झटक, सुस्सला दाब. शिट्टी बघत उभा राहिला. मग वायरमनला बोलावलं, टॅबलेट हॉलच्या भोंग्याला जोडायला लावला. वायरमन वायर जोडताना माझ्या कानात म्हणाला, "फ्रीजला बढती मिळाली."

आणि मग – अठ्ठावीस माणसं माझ्या तालावर! छप्पन्न हात एकदम वर, एकदम खाली. अंगावर काटा आला. घरी आमचं कुत्रंसुद्धा माझ्या हाकेला येत नाही.

वेगाचा एक आकडा असतो ॲपमध्ये. साठ होता. साठ म्हणजे सेकंदाला एक चौकोन. दुपारी शिट्टी आला, "हा आकडा कशाचा?" मी उत्साहानं समजावून सांगितलं. कुठल्या मुहूर्तावर बोललो!

"चौसष्ट कर."

केला. कुणाला कळलंही नाही.

१९ मार्च

आता अडुसष्ट. टेबलाला तासाला एकशेनव्वद चादरी व्हायच्या, त्या सव्वादोनशेच्या वर गेल्या. शिट्टीनं चार दिवसांत एकदाही शिट्टी वाजवलेली नाही. गळ्यात नुसती लोंबकळते, बेकार. मी त्याची नोकरी खाल्ली म्हणायची.

टेबल सहा मात्र मागं पडतं. लिहिताना वाईट वाटतं, पण आक्काला झेपत नाही. चादर अर्ध्यावर आली की मध्येच टोकं धरून उभी राहते. दोनतीन सेकंद. दम घेते बिचारी. मग मी पोचतो, मग पुढची घडी. मी काही बोलत नाही. मोठ्या मनाचा आहे मी.

२० मार्च

शिट्टी टेबलाशी आला. "सहा नंबर, तुम्ही दोघं काय फोटो काढायला उभे आहात का?"

मी काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, "माझी मनगटं धरलीत, साहेब. आठ दिवसांत होतील बरी."

"एकोणीस वर्षांत धरली नाहीत ती?"

"गाणं नव्हतं ना तेव्हा."

सगळा हॉल हसला. मी पण हसलो. नंतर हसू तोंडातच राहिलं.

२३ मार्च, सोमवार

बहात्तर. आणि बातमी.

मोठ्या ऑफिसातून माप घेणारा येणार. एकतीस तारखेला. हातात घड्याळ घेऊन दिवसभर उभा राहतो म्हणे, म्हणून त्याचं नाव हॉलनं आधीच ठेवलंय – घड्याळवाला. त्या दिवशी जो आकडा निघेल तो पक्का. तेवढ्या चादरी प्रत्येक टेबलानं रोज काढायच्या. ज्या टेबलाला जमणार नाही त्यातलं एक माणूस बदलायचं.

"बदलायचं म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे घरी," शिट्टी म्हणाला. इतक्या प्रेमानं, जणू सगळ्यांना घरी जायचंच आहे.

मग मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात! म्हणाला, घड्याळवाल्यानं माप घेतलं की मग त्याला तुझं गाणं दाखवतो. आकडा चांगला निघाला तर आपल्या बाकीच्या तीन लाँड्रीतही लावतील. चार हॉल! शंभरावर माणसं! तुझं नाव सांगतो त्यांना.

माझं नाव त्याला माहीत आहे का, हे विचारायचं राहिलं. हॉलमध्ये मला सगळे बोट्या म्हणतात.

२४ मार्च

चार हॉल.

२५ मार्च, बुधवार

चार हॉल, चार हॉल – आणि समोर आक्का टोकं धरून उभी. एकशेनव्वद, दोनशे, कसंबसं. बाकी टेबलं दोनशेचाळीस. तिला बदलणार. दुसरं कोण? मी तेवीसचा, ती त्रेपन्नची. आणि तिला हाकलणार माझ्या गाण्यानं. ड्रायरनं नाही, शिट्टीनं नाही. मी, माझ्या या बोटानं, बसून चौकोन पेटवले म्हणून.

तिला घरी दोन मुली आहेत. धाकटी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. "तिचं झालं की मी सुटले," असं ती दर सोमवारी म्हणते. वर्ष संपायला अजून पाच महिने आहेत.

वायरमनला सांगितलं. म्हणाला, "मग वेग कमी कर. आकडाच तर आहे."

जसं काही मला सुचलंच नाही! शिट्टी रोज सकाळी आधी पडद्यावरचा बहात्तर बघतो, मग चहा पितो. एकाहत्तर दिसला तरी भोंग्यासकट मला खाली काढेल.

"मग आवाज बिघडव. वायर मी सैल करतो."

"मग तू घरी जाशील."

"मग राहू दे," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं. खरा मित्र आहे.

२९ मार्च, रविवार

सापडलं! सापडलं! दिवसभर टॅबलेट घेऊन बसलो होतो. वेगाला हात लावायचाच नाही. ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात एक बारीक खूण आहे – किती चौकोन वाजवायचे ते. सोळा असतात. मी पंधरा केले. बस! बहात्तरचा बहात्तर राहतो, आणि गाणं लंगडं होतं. टोकाला यायच्या आधीच रेघ उडी मारून पहिल्या चौकोनावर. ऐकताना जिना उतरताना एक पायरी नसावी तसं होतं.

सोळाव्या ठोक्याला चादर ठेवायची सवय सगळ्यांच्या हातांना लागलीय. सोळावा ठोका आलाच नाही तर? हात हवेत! टोकं चुकणार, घड्या वाकड्या, अठ्ठावीस माणसं एकमेकांच्या चादरीत. आकडा पडणार. एकशेऐंशी झाला तरी आक्का वाचली. आणि घड्याळवाला निघून गेला की सोळावा परत पेटवायचा.

माझ्यासारखा हुशार माणूस चादरींच्या घड्या घालतोय. जगाचं कसं होणार!

३० मार्च

आक्काला काही सांगितलेलं नाही. आज ती म्हणाली, "बोट्या, उद्या घाबरू नकोस हं. हात चालू ठेव."

मी घाबरू नको! बघा, स्वतःचं घर जळतंय आणि ही शेजारच्याला पाणी विचारते.

३१ मार्च, मंगळवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

घड्याळवाला बारीक, गोरटेला, शर्टाच्या खिशात चार पेनं. एका खुर्चीवर बसला. शिट्टीनं पडद्यावर बहात्तर बघितला, मान डोलावली, गाणं सुरू केलं.

पहिली दहा मिनिटं – अहाहा! जसं ठरवलं होतं तस्सं. नऊ नंबरची चादर खाली पडली. दोन नंबरवाल्या दोघी एकदमच पुढं आल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. बारा नंबरवाला ओरडला, "अरे कोण पाय ओढतंय?" शिट्टीचा चेहरा पांढरा, रोलरमधून निघाल्यासारखा. मी आत हसतोय. बाहेर गंभीर.

मग पंधराव्या मिनिटाला हॉल शांत झाला. घड्या बरोबर पडायला लागल्या. विसाव्या मिनिटाला सगळे एका तालात. माणसाचे हात काय वाटेल ते शिकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या ठोक्याची झटक तिसऱ्याला आली, पुढं ये आणि दे एकत्र झालं, आणि पंधराव्याला चादर थप्पीवर. लंगडं गाणं सगळ्यांनी लंगडतच गिळलं.

आणि जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीला टेकून उभा असताना मला कळलं मी काय केलंय. एक फेरी म्हणजे एक चादर. फेरी सोळाची होती, ती मी पंधराची केली. वेग तोच. म्हणजे चादर एका ठोक्यानं आधी पूर्ण. म्हणजे – जास्त चादरी! मी गाणं बिघडवलं नाही. मी ते धावतं केलं.

सोळातून एक गेला की पंधरा उरतात, एवढं मला येतं. त्याचं पुढं काय होतं ते बहुतेक सातवीनंतर शिकवतात.

सुट्टीत चौकोन परत पेटवायला गेलो. टॅबलेटजवळ शिट्टी उभा, हात मागं, पहाऱ्यावर. "हात लावायचा नाही. देव पावलाय आज."

संध्याकाळचा आकडा : दोनशे छप्पन्न. टेबल सहा : दोनशे एक.

शिट्टी मला मिठी मारणार होता, शेवटच्या क्षणी आवरलं त्यानं. म्हणाला, "पक्का आकडा अडीचशे लागणार. तुझं गाणं चारही हॉलमध्ये, बोट्या!" मग आवाज खाली आणून, "सहा नंबरमधून एक कमी होईल. तू काळजी करू नकोस, मी बघतो."

आक्का बाजूला उभी राहून हात पुसत होती. तिनं ऐकलं. माझ्या डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, ते दाबून लावलं.

१ एप्रिल, बुधवार

घड्याळवाला आज ऑफिसच्या खोलीत बसून आकडे मांडत होता. उद्या जाणार.

सकाळपासून तीनदा त्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा विचारलं, पाण्याची बाटली कुठं आहे. दुसऱ्यांदा विचारलं, पाणी हवंय का. तिसऱ्यांदा त्यानंच विचारलं, "तुम्ही पाण्याच्या विभागात आहात का?"

मग सांगून टाकलं. चौकोन, रेघ, पंधरा, सोळा, सगळं. आक्काचं पण सांगितलं – एकोणीस वर्षं, मनगटं, धाकटी मुलगी, पाच महिने. मला वाटलं, हा माणूस आता उठेल, खिडकीबाहेर बघेल, काहीतरी मोठं बोलेल.

तो म्हणाला, "म्हणजे मापनाच्या वेळी हॉलमध्ये ठेका चालू होता?"

"हो. माझाच."

"मला वाटलं रेडिओ आहे." चारातलं एक पेन काढलं. "आणि त्याची लांबी कुणी बदलली?"

"मीच."

"कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याच नाही."

त्यानं कपाळाला हात लावला. आक्काच्या नोकरीचं नाव घेतलं तेव्हा पापणीही हलली नव्हती, आता चेहरा असा की घरात कुणीतरी गेलंय. "मापनात बाहेरचा ठेका! अहो, मग हा आकडा माणसांचा कुठं आहे? हा तुमच्या त्या पाटीचा आकडा आहे." आणि कालचा अख्खा कागद उभा फाडला. उभा! इतका सुंदर आवाज मी आजवर भरला नाही.

"शुक्रवारी पुन्हा घेणार. कुठलाही आवाज नको. प्रत्येक हाताचं वेगळं."

शिट्टी बाहेरच उभा होता. "एवढ्या सोन्यासारख्या आकड्यात माती कालवलीस! कशासाठी? कोण लागते ती तुझी?"

समोर उभी राहते, एवढंच म्हणालो.

टॅबलेट त्याच्या कपाटात गेला. किल्ली त्याच्या खिशात. चार हॉल गेले. होता तो एक हॉलही गेला.

२ एप्रिल

वायरमन म्हणाला, "फ्रीज बंद झाला. आता झोप लागेल." थोड्या वेळानं खालून म्हणाला, "त्यातलं ते धप्प मात्र चांगलं होतं." मग आणखी थोड्या वेळानं, "आणि आठव्या चौकोनावर ते काय होतं रे, म्हशीसारखं?"

मी झोपेचं सोंग घेतलं.

३ एप्रिल, शुक्रवार

गाण्याशिवाय माप झालं. हॉलमध्ये नुसता मशीनचा आवाज. तोच तो – धप्प, सुस्स, कुंई – पण कुणाचा कुणाला पत्ता नाही. जो तो आपल्या वेगानं. घड्याळवाला टेबलाटेबलाशी उभा, कधी याच्या हाताकडे, कधी त्याच्या. आमच्या टेबलाशी तर वीस मिनिटं. मी आक्काला डोळ्यांनी खुणावत होतो, सावकाश, घाई नको. तिनं डोळे वटारले. "चादरीकडे बघ!"

हॉलचा आकडा दोनशे पाच. पक्का ठरला : एकशे पंचाण्णव. टेबल सहा : एकशे अठ्ठ्याण्णव!

तीन चादरींनी वाचली! तीन! मला नाचावंसं वाटलं, पण ताल कपाटात बंद होता. आक्काला म्हटलं, "राहिलीस बघ तू."

ती म्हणाली, "हो बाबा. राहिले." आणि हसली. मला वाटलं, बाई फार मानी आहे, आभार मानायला जीभ रेटत नसेल. मी मनातल्या मनात माफ केलं.

७ एप्रिल, मंगळवार

आज तक्ता भिंतीवर लागला. प्रत्येक हाताचा वेगळा. टेबल सहा, डावी बाजू : एका चादरीला चौदा सेकंद. उजवी बाजू : अठरा. शेवटचा रकाना – जोडीदारासाठी थांबलेला वेळ. माझ्या नावापुढे शून्य. आक्काच्या नावापुढे, तासाला तेरा मिनिटं.

मी तिथंच उभा राहिलो. रोलर सुरू झाला. मागून आक्का म्हणाली, "वाचून झालं असेल तर टोक धर."